कार्डावर रेघ उमटली, आता पुढची तपासणी मागा

दरवर्षी २८ जुलै जवळ आला, की ठिकठिकाणी हिपॅटायटिस तपासणीची शिबिरे लागतात. हा दिवस म्हणजे बरूच ब्लुमबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाचा जन्मदिवस. त्यांना १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडले. पुढे कळले, की ते हिपॅटायटिस बी विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचे आहे. १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून जुने डॉक्टर आजही चिठ्ठीवर 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' लिहितात आणि लॅबच्या कागदावर 'एचबीएसएजी' छापून येते. दोन्ही एकच. नावे दोन दिसली म्हणून दोनदा पैसे भरू नका.

शिबिरात थेंबभर रक्त घेतात, कार्डावर टाकतात आणि पंधरा-वीस मिनिटांत सांगतात. एकच रेघ आली तर निगेटिव्ह, दोन आल्या तर पॉझिटिव्ह. मग हातात कागद देतात, फोटो काढतात आणि गाडी निघून जाते. त्या कागदाचे करायचे काय, हे कोणी सांगत नाही. शिरपूर जैनसारख्या गावात मजुरीवर जगणारा माणूस तो कागद पेटीत ठेवतो, नाहीतर कावीळ उतरवणाऱ्याकडे जातो. आमचे म्हणणे असे आहे, की कार्डाच्या पुढच्या तपासण्यांची सोय केल्याशिवाय कोणालाही आपल्या विहारात किंवा वस्तीत हे शिबिर लावू देऊ नये.

असे का म्हणतो, ते समजायला प्रत्येक तपासणी काय सांगते हे माहीत हवे.

कार्ड एवढेच सांगते, की आज तुमच्या रक्तात विषाणूचे आवरण सापडले. कार्डावर कंट्रोलची रेघ आलीच नाही, तर ते कार्ड बाद, पुन्हा तपासा. दुसरी रेघ फिकट आली तरी ती पॉझिटिव्हच धरायची आणि पक्की तपासणी करायची. ठरलेली वेळ उलटून गेल्यावर कार्ड वाचू नये. संसर्ग होऊन काही आठवडे होईपर्यंत एचबीएसएजी रक्तात दिसत नाही, म्हणून नुकतीच कुठे दूषित सुई टोचली असेल तर आजच्या निगेटिव्हवर निर्धास्त राहता येत नाही. काविळीची लस नुकतीच घेतली असेल, तर त्या लसीमुळेही काही दिवस रक्त पॉझिटिव्ह दिसू शकते. म्हणून लस कधी घेतली, हे तपासणाऱ्याला आधी सांगावे.

कार्डानंतर एलायझा. हिच्यात छोट्या छोट्या खळग्यांच्या ताटलीत रक्ताचा पाण्यासारखा भाग घालतात. विषाणूचा अंश असेल तर रंग येतो आणि तो रंग डोळ्याने न बघता यंत्र मोजते. कार्डाचा निकाल पक्का करायला ही तपासणी लागते.

पॉझिटिव्ह पक्के झाले, तरी संसर्ग नवा की जुना, हा प्रश्न उरतो. सहा महिन्यांनी पुन्हा तपासल्यावरही एचबीएसएजी राहिला, तर तो जुना म्हणजे दीर्घकाळचा संसर्ग. 'अँटी एचबीसी आयजीएम' ही तपासणी नव्या संसर्गाकडे बोट दाखवते. मोठ्या माणसाला नव्याने लागण झाली तर शंभरातील पंच्याण्णव जणांच्या शरीरातून विषाणू आपोआप निघून जातो. जन्मताना बाळाला आईकडून लागण झाली तर उलटे होते: दहातील नऊ बाळांत तो कायमचा घर करतो. आपल्याकडे जे मोठ्या वयाचे लोक पॉझिटिव्ह निघतात, त्यांतल्या अनेकांना तो लहानपणीच लागलेला असतो. म्हणून नवऱ्याचा किंवा बायकोचा रिपोर्ट आला, की चारित्र्यावर संशय घेऊन भांडण काढणाऱ्यांनी आधी हे लक्षात घ्यावे.

आता मोजमापाच्या तपासण्या. यांचेच नाव शिबिरात कोणी काढत नाही. 'एचबीईएजी' पॉझिटिव्ह असेल तर बहुधा विषाणू जोरात वाढत असतो. विषाणू नेमका किती आहे, ते डीएनए तपासणी सांगते. हिलाच व्हायरल लोड म्हणतात. पीसीआर यंत्र विषाणूच्या जनुकाच्या प्रती वाढवून मोजते आणि आकडा मिलिलीटरमागे आंतरराष्ट्रीय एककांत देते. हा आकडा काहीशेपासून कोट्यवधीपर्यंत असू शकतो. यकृत किती दुखावले आहे, ते एसजीपीटी, एसजीओटी आणि प्लेटलेट या साध्या तपासण्यांवरून कळू लागते. एसजीओटी आणि प्लेटलेट यांच्या आकड्यांवरून डॉक्टर 'एप्री' नावाचे गुणांकन काढतात. त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही, कागद आणि पेन पुरते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये उपचाराचे निकष सैल केले. मोठ्या माणसाचा एप्री ०.५ च्या वर असेल, किंवा डीएनए २,००० एककांच्या वर आणि एसजीपीटीही वाढलेले असेल, तर औषध सुरू करावे, असे ती सांगते. डीएनएची सोय नसेल तिथे एसजीपीटी सतत वाढलेले असणे हेही कारण धरता येते. औषध म्हणजे टेनोफोव्हिरची रोज एक गोळी. ती विषाणू दाबून ठेवते. बरे वाटले म्हणून मनाने बंद केली तर विषाणू उसळतो आणि जिवावर बेतू शकते. म्हणून उपचार चालू असतानाही दर काही महिन्यांनी मोजमाप लागते.

'तुम्ही नुसते कॅरियर आहात, काही करायचे नाही' असे सांगून माणसाला घरी पाठवले जाते, असे आम्ही वारंवार ऐकतो. डीएनए आणि एप्री न बघता हे कोणी म्हणू शकत नाही. आणि आज औषधाची गरज नसली, तरी सहा महिन्यांनी पुन्हा मोजावेच लागते.

हा विषाणू किती वर्षे गुपचूप बसतो, ते अमिताभ बच्चन यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. १९८२ साली 'कुली'च्या चित्रीकरणात जखमी झाल्यावर त्यांना चढवलेल्या रक्तातून संसर्ग झाला. तो कळला कितीतरी वर्षांनी, साध्या तपासणीत, आणि तोवर यकृताचा पाऊण भाग निकामी झाला होता. उत्तम डॉक्टर हाताशी असलेल्या माणसाचे हे झाले. डोळे पिवळे होण्याची वाट बघत बसलेल्या आपल्या माणसाचे काय होईल? दीर्घकाळच्या संसर्गात बहुतेकांना कावीळ दिसतच नाही. चुन्याच्या पाण्याने हात धुऊन पिवळे पाणी दाखवणारा कोणाचाही विषाणू मोजत नाही.

देशात २०२२ साली सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जगभरात या आजाराचे शंभर रुग्ण धरले तर निदान झालेले तेरा आणि औषध मिळालेले तीनच. निदान आणि औषध यांच्यामधली ती दरी म्हणजेच आमचा मुद्दा.

कोणी म्हणेल, पुढची सोय होईपर्यंत निदान कार्ड तरी होऊ द्या, माणसाला कळेल तरी. या म्हणण्यात तथ्य आहे. कळल्याने घरच्यांना लस देता येते. पण नुसत्या कागदाची किंमत गरीबच मोजतो. आखाती देशात जाणाऱ्याचा व्हिसा या एका शब्दावर अडतो. कंत्राटदार कामावरून काढतो. सोयरीक मोडते. नुकसान पदरात आणि उपचार नाही, अशी तपासणी आपल्याला नको.

आणि सोय अशक्य आहे असेही नाही. २८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. त्यात तपासणी आणि औषध मोफत आहे. डीएनए तपासणीला खासगी लॅबमध्ये काही हजार रुपये लागतात, म्हणून ही सरकारी वाट महत्त्वाची. टीबीसाठी वापरतात त्या सीबीनॅट आणि गोव्यातल्या कंपनीने बनवलेल्या ट्रूनॅट यंत्रांवर हिपॅटायटिस बीचा व्हायरल लोडही मोजता येतो. थुंकीऐवजी रक्त आणि वेगळे कार्ट्रिज किंवा चिप, एवढाच फरक. वाशिम हा आकांक्षित जिल्हा आहे, २०२४ पासून वाशिममध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेव्हा ज्या यंत्रावर टीबी तपासतात त्यावर हेही मोजा, ही मागणी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी करायला हरकत नाही.

गरोदर बायांसाठी तर हा वेळेचा प्रश्न आहे. पहिल्याच तपासणीत एचबीएसएजी बघायला सांगा. पॉझिटिव्ह आले आणि व्हायरल लोड २ लाखांच्या वर निघाला, तर शेवटच्या महिन्यांत आईला गोळी देऊन बाळाला वाचवता येते. डीएनएची सोय नसेल तर एचबीईएजीवरूनही ठरवता येते. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस मिळालाच पाहिजे. पॉझिटिव्ह आईच्या बाळाला त्याच वेळी इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही लागते, ते डॉक्टरांना विचारा. पुढचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना, पेंटाव्हॅलंटमधून मिळतात. नंतर बाळ सुटले की नाही, हे नऊ महिन्यांच्या आधी तपासू नये.

वस्तीतले अनेकजण दवाखान्यात आणि नगरपालिकेत सफाईचे काम करतात, वापरलेल्या सुया उचलतात. त्यांनी ०, १ आणि ६ महिन्यांचे तीन डोस ठेकेदाराकडून मागून घ्यावेत. शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी 'अँटी एचबीएस टायटर' करून घ्यावा. आकडा १० किंवा जास्त आला, तर लस लागू झाली.

शिबिरवाले आले, की चार गोष्टी आधी लिहून घ्या. रिपोर्ट खासगीत देणार का? पॉझिटिव्ह आल्यास एलायझा कुठे होणार? डीएनए, एसजीपीटी आणि प्लेटलेटसाठी कोणत्या तारखेला, कोणत्या रुग्णालयात पाठवणार? घरच्यांची तपासणी आणि लस कोण करणार? चारही उत्तरे मिळाली तर विहाराचे दार उघडा आणि पहिली सुई स्वतः टोचून घ्या.

आणि एक. हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातो. एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने जात नाही. ब्लेड, वस्तरा आणि दात घासायचा ब्रश वेगळा ठेवावा, बस्स. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी लढलेल्या माणसांच्या घरात आजारी माणसाचा पेला वेगळा नसावा.