घरची शाळा आणि सूनबाईंची सही

इंदापूरच्या एका सुशिक्षित एकत्र कुटुंबाकडून आम्हांस एक सविस्तर पत्र आले आहे. घरात तीन पिढ्या एकत्र नांदतात. धाकट्या चिरंजीवांस साडेपाच वर्षांची मुलगी व साडेतीन वर्षांचा मुलगा आहे. बारामतीस त्यांच्या नात्यातील व ओळखीतील चार-पाच घरांनी असा बेत योजिला आहे की, मुलांस शाळेत न धाडता घरीच शिकवावे, आठवड्यातून एक दिवस सर्वांनी एकत्र जमावे, आणि संस्कृत, पाठांतर, तोंडी गणित व जुने वाङ्मय यांवर शिक्षणाचा पाया घालावा. या मंडळीत आपण येत्या जूनपासून सामील व्हावे किंवा कसे, असा प्रश्न आहे. पत्राखाली आजोबा, आजी व दोन्ही चिरंजीव अशा चार सह्या आहेत. मुलांच्या आईची सही नाही. तिच्याविषयी पत्रात एकच वाक्य आहे: ती बारामतीस अध्यापन करते, ती नोकरी सोडील. या वाक्याकडे आम्ही पुढे वळू.

प्रथम बेताच्या मुळाकडे पाहू. अमेरिकेत राहणाऱ्या एका नातलगाच्या मुलांचे शिक्षण याच रीतीने चालले आहे व तेथूनच ही कल्पना आली, असे पत्रकर्त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. त्या देशात अशा घरगुती शाळांचा जो एक संप्रदाय आहे, त्याचे पुष्कळसे श्रेय डोरोथी सेयर्स या इंग्रज बाईंच्या १९४७ सालच्या ऑक्सफर्ड येथील एका व्याख्यानास दिले जाते. बाई प्रसिद्ध होत्या त्या गुप्तहेरकथांमुळे. परंतु मध्ययुगीन युरोपातील व्याकरण, तर्क व वक्तृत्व ही अध्ययनाची त्रयी मुलाच्या वाढीच्या तीन अवस्थांशी त्यांनी मोठ्या खुबीने जुळवून दाखविली. पहिल्या अवस्थेस त्यांनी पोपटाचेच नाव दिले आहे. आपण ‘पोपटपंची’ म्हणून ज्याला नाक मुरडतो, ते त्या वयास स्वाभाविक व सुखाचे असते, हे त्यांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. घोकंपट्टीचा दोष घोकण्यात नसून, मूल मोठे झाल्यावरही त्यास घोकीतच ठेवण्यात आहे.

बारामतीकरांस याकरिता ऑक्सफर्डपर्यंत जावयास नको होते. मोरोपंतांचा जन्म १७२९ साली पन्हाळगडावर झाला, तेथेच केशव पाध्ये व गणेश पाध्ये या बंधूंजवळ त्यांचे अध्ययन झाले, आणि पुढे बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हेकाठी त्यांनी हयात घालविली. शब्दांवर एवढे प्रभुत्व, की एक रामायण त्यांनी ओठांस ओठ न लावता म्हणता येईल असे रचिले. तेच निरोष्ठ रामायण. पाच वर्षांच्या मुलास हे काव्य कळावयाचे नाही. पण खेळ कळेल. प, फ, ब, भ, म ही अक्षरे वर्ज्य करून वाक्य बोलावयास सांगा. आजी, ताई, काका, आत्या सुखाने घरात येतात. बाबा, मामा व भाऊ यांस दाराबाहेर तिष्ठत राहावे लागते. मुले हसून लोटपोट होतात, आणि ओष्ठ्य वर्ण कोणते हे त्यांस पुन्हा कधी सांगावे लागत नाही. व्याकरणाचा पहिला पाठ याहून चांगला आम्हांस ठाऊक नाही.

तीच गोष्ट जुन्या पाढ्यांची. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही भावंडे १९५७ साली दशमान नाणी आल्यावर हळूहळू घरातून नाहीशी झाली. मण-शेर गेले, आणे-पै गेल्या, तेव्हा हे ओझे कशाला, असा विचार झाला असावा. परंतु पाव किलो, सव्वा लिटर व दीड तास हे काही गेलेले नाहीत. किलोस ३६ रुपये दराचे अडीच किलो पेरू घेतले तर किती द्यावयाचे, हे ज्या आजीस अडीचकी येते तिने नव्वद म्हणून सांगून टाकलेले असते. नातवाचे बोट अद्याप यंत्राच्या कळीवरच असते. घरात अशी आजी असेल तर तिचा लाभ मुलांस न देणे हा अपव्यय होय.

तेव्हा सहा वर्षांच्या आतील मुलांपुरते आमचे उत्तर स्पष्ट आहे. साडेतीन वर्षांच्या नातवास खुशाल त्या मंडळीत न्यावे. त्या वयाच्या बालकास सकाळी सात वाजता गाडीत कोंबून इंग्रजी अक्षरे गिरविण्यास पाठविणे आम्हांस कधीच रुचले नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांपर्यंतचा काळ एकच पायाभूत टप्पा मानून खेळ व मातृभाषा यांवर भर दिला आहे. मात्र ‘अभिजात शिक्षणा’च्या उत्साहात चार वर्षांच्या मुलाकडून शब्दरूपे घोटून घेऊ लागाल, तर ती इंग्रजी शाळा बरी होती असे म्हणावयाची पाळी येईल.

खरा पेच नातीचा आहे. ती सहा महिन्यांत सहा वर्षांची होईल, आणि तेथे कायद्याचा संबंध येतो. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांस लागू आहे. मुलास जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य म्हणून त्यात सांगितले आहे. त्याकरिता पालकांस दंड सांगितलेला नाही हे खरे. तसेच घरच्या शिक्षणास मान्यता देणारे कलमही त्यात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने वेदपाठशाळा, मदरसे व मुख्यत्वे धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था कायद्याबाहेर ठेविल्या. परंतु चार घरांनी रविवारी एकत्र जमण्यास वेदपाठशाळा म्हणता येणार नाही, व तसे म्हणवून घेण्याचा मोह कोणी धरू नये. पुढे चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत, किंवा राज्य मंडळाचा सर्वपरिचित १७ नंबरचा अर्ज भरून दहावीस बसता येते. मार्ग बंद नाही. परंतु तो आठ वर्षे घरच्या बळावर चालावयाचा आहे.

आठ वर्षांत घराचे काय होईल हे कोणी सांगावे? येथे पंडिता रमाबाईंचे चरित्र आठवल्यावाचून राहत नाही. घरी मिळालेल्या अभिजात शिक्षणाचे याहून तेजस्वी उदाहरण महाराष्ट्रात नाही. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविले. त्या लक्ष्मीबाईंनी मुलीस आठव्या वर्षापासून शिकविले. आणि १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्याच मुलीस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. परंतु त्याआधीच्या दुष्काळात तिचे आईबाप अन्नावाचून गेले होते. रमाबाईंनी १९०७ साली आपली हकीकत लिहिली तीत या दिवसांविषयी सांगितले आहे की, आम्हांस व्यवहारातली पोटापुरती एकही विद्या येत नव्हती, आणि मजुरी करण्यास किंवा भिक्षा मागण्यास अभिमान आडवा येत होता. पुराणे मुखोद्गत होती. पण पोट भरण्याचे साधन हाती नव्हते. आज दुष्काळाचे भय तसे नाही. तथापि बारामती-इंदापुरात वाढणाऱ्या मुलीस कालव्याचे पाणी कसे मोजतात, बँकेत पैसे कसे भरतात आणि आपल्यासारखा न बोलणारा मनुष्य काय म्हणतो, हे कोठे कळावयाचे?

हा शेवटचा मुद्दा आम्हांस सर्वांत जड वाटतो. पत्रातील चार-पाच घरे एकाच ज्ञातीची, एकाच चालीरीतीची आहेत. त्यांची मुले परस्परांस भेटतील. पण उसाच्या टोळीबरोबर आलेल्या बाईचे मूल, एस. टी. वाहकाचे मूल, शेजारच्या मुसलमान शिंप्याचे मूल यांच्या शेजारी बाकावर बसण्याचा योग त्यांस येणार नाही. जुन्या पाध्यांच्या घरची विद्या थोर होती, परंतु तिचे दार फार थोड्यांस उघडे होते. १८४८ साली पुण्यात जोतिराव व सावित्रीबाई फुले यांस मुलींची शाळा काढावी लागली ती त्यामुळेच. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम मांडले तेव्हा त्यांचा अनुभव मुख्यतः सुशिक्षितांच्या मुलांचा होता. खेड्यातील मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच त्या मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज सर्वतोमुखी आहे. तो त्या अंगणातला. तुमचे अंगण मोठे आहे असे पत्रावरून दिसते. मग त्यात आठ मुलांऐवजी पंधरा बसली, तर निरोष्ठ वाक्यांचा खेळ काही कमी रंगणार नाही.

आता ती न केलेली सही. पत्रातील वेळापत्रक आम्ही दोनदा वाचले. सकाळी श्लोक, मग पाढे, मग वाचन, दुपारी हस्तकला, सायंकाळी गोष्ट. प्रत्येक रकान्यापुढे ‘शिकविणार कोण’ याचे उत्तर एकच आहे. आजोबांकडे रविवारचे संस्कृत तेवढे आहे. धाकटे चिरंजीव ‘वेळ मिळेल तसे’ विज्ञान शिकविणार आहेत. म्हणजे प्राचीन गुरुकुलाची ही उभारणी एका स्त्रीच्या नोकरीच्या मोबदल्यात व्हावयाची, आणि तिचे मत मात्र कागदावर नाही. ती रोज इंदापुराहून बारामतीस, एका वेळेस सुमारे ५० किलोमीटर जाऊन शिकविते. अध्यापन हा जिचा व्यवसायच आहे, तिला आपल्या मुलांचे शिक्षण कसे असावे याविषयी काही वाटत नसेल, हे संभवत नाही. कदाचित तिला हा बेत मनापासून पसंत असेल. मग तिने तसे आपल्या हाताने लिहावे. नसेल, तर बाकीच्या चार सह्यांनी तो पुरा होत नाही. आणि पसंत असला तरी निम्मे रकाने दुसऱ्या नावांनी भरल्याखेरीज राजीनामा देऊ नये, अशी आमची तिला वडीलकीची सूचना आहे.

आमचा सल्ला विचाराल तर, नातीचे नाव जूनमध्ये जवळच्या मराठी शाळेत घालावे. बारामतीच्या मंडळीत जावे ते रविवारी, आणि आळीपाळीने त्यांसही इंदापुराकडे बोलवावे. उन्हाळ्यात उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे बुडालेले देऊळ वर येते. भिगवणच्या पाणथळीत हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. नरसिंहपुरास नीरा भीमेला मिळते. या तिन्ही ठिकाणी संस्कृत, गणित व भूगोल शिकविता येतो, आणि गाडी चालविण्याचे काम धाकट्या चिरंजीवांस ‘वेळ मिळेल तसे’ नव्हे, दर रविवारी नेमून द्यावे.