सोवळ्यातली बॉनेव्हिल

इंग्लंडमधल्या जुन्या मोटरसायकलींच्या जगात सगळ्यात महाग सुटा भाग कुठला असेल, तर तो 'ओरिजिनल' हा शब्द. जाहिरातीत तो लागला की किंमत चढते. प्रदर्शनात तो उच्चारला की माणसं आवाज खाली आणतात, गाभाऱ्यात आल्यासारखी. हा शब्द या गाड्यांना मारतो आहे, असं माझं म्हणणं आहे.

माझ्याकडे १९७० सालची ट्रायम्फ बॉनेव्हिल टी१२०आर आहे. ६५० सीसी, दोन सिलिंडर, दोन अमाल कार्ब्युरेटर, लाल-चंदेरी टाकी. मी ती खोक्यांतून विकत घेतली. फ्रेम एकीकडे, इंजिन अर्धवट उघडलेलं, नटबोल्ट बिस्किटांच्या डब्यांत. मी कॉव्हेंट्रीत राहतो. ती जिथे बनली तो मेरिडनचा कारखाना इथून काही मैलांवर होता. तिथे आता घरं आहेत आणि एका गल्लीचं नाव बॉनेव्हिल क्लोज आहे. गाडी मी जोडली आणि जोडताना सुधारली. त्यावरून ओरिजिनलवाल्यांचं जे ऐकून घ्यावं लागतं, त्याला हे उत्तर.

पहिला प्रश्न असा, की मूळ म्हणजे कुठलं मूळ? पहिली बॉनेव्हिल १९५९च्या मोसमासाठी आली तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे होते. १९६३मध्ये ते एका कवचात आले. १९६६मध्ये सहा व्होल्टचे बारा झाले. १९६८मध्ये पुढचा ब्रेक बदलला, कार्ब्युरेटर बदलले, आणि दोन सिलिंडरांचं टायमिंग स्वतंत्रपणे लावता येईल असे नवे पॉइंट आले, कारण आधीच्या पॉइंटांवर एक सिलिंडर नीट लावला की दुसरा चुकायचा. १९७१मध्ये तर फ्रेमच तेलाची टाकी झाली, आणि १९७३मध्ये पुढे डिस्क ब्रेक आला. म्हणजे ही गाडी बनवणारे लोक दरवर्षी तिच्यातल्या चुका दुरुस्त करत होते. आता एखाद्यानं आपल्या १९६७च्या गाडीला १९६८चे पॉइंट बसवले, तर कारखान्यानं जे केलं तेच त्यानं केलं. पण प्रदर्शनात त्याचे गुण जातात.

दुसरा मुद्दा या गाडीच्या पोटातला आहे, आणि तो जरा सविस्तर सांगतो, कारण सोवळेवाल्यांच्या चर्चेत तो कधी येत नाही. या इंजिनांना आजच्या अर्थानं ऑइल फिल्टर नाही. जाळीच्या गाळण्या आहेत. त्यांतून खडा अडेल, धातूचा बारीक चुरा अडणार नाही. मग तो चुरा जातो कुठे? क्रँकशाफ्टच्या आत एक पोकळी आहे, तिच्यात पोलादी नळी आहे. शाफ्ट फिरतो तसा जड कचरा बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि नळीत साचतो. स्वच्छ तेल पुढे बिग एंडच्या बेअरिंगांकडे जातं. याला स्लज ट्रॅप म्हणतात. कल्पना हुशारीची आहे. अट एवढीच, की कोणीतरी ठरावीक मैलांनंतर इंजिन पूर्ण उघडून ती नळी साफ केली पाहिजे. कारण ती भरली की तेलाची वाट बंद होते, बेअरिंग कोरडी पडते, आणि कनेक्टिंग रॉड कवच फोडून बाहेर डोकावतो. हे सगळं होईपर्यंत गाडी बाहेरून चकाचक असते.

माझ्या गाडीचा ट्रॅप उघडायला एक अख्खी दुपार गेली. त्याचा प्लग ठोकून पक्का केलेला असतो. तो आधी ड्रिलनं मोकळा करावा लागतो, मग दणके. नळी बाहेर आली तेव्हा आत तूप कढवलेल्या भांड्याच्या तळाला करपलेली बेरी असते तसा काळा, घट्ट थर होता. मधे पेन्सिल जेमतेम जाईल एवढी वाट उरली होती. मी ट्रॅप साफ केला, आणि टाकीकडे परतणाऱ्या तेलाच्या नळीत एक छोटा, बदलता येणारा फिल्टर बसवला. तो गाडीच्या खाली मागच्या बाजूला आहे, दिसण्यासाठी गुडघ्यांवर बसावं लागतं. एका प्रदर्शनात एक परीक्षक बसले. उठून म्हणाले, "हे त्या काळचं नाही." खरं आहे. त्या काळचं नाही म्हणूनच इंजिन अजून शाबूत आहे. त्याच रांगेत बक्षीस मिळालेल्या गाडीचा ट्रॅप शेवटचा कधी उघडला, हे त्यांनी विचारलं नाही. गुणपत्रिकेत तो रकानाच नव्हता.

बाकीचे बदल तर झाकणाखाली आहेत. जुन्या बजाज स्कूटरचे नाहीतर बुलेटचे पॉइंट पॉलिश पेपरनं घासलेल्या पिढीला मी काय सांगतोय ते लगेच कळेल. पॉइंट गेले आणि त्यांच्या जागी, त्याच गोल झाकणाखाली, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं. जास्तीची वीज उष्णतेच्या रूपानं हवेत सोडून देणारा झीनर डायोड हेडलाइटखाली आपल्या जागी तसाच आहे. फक्त त्याचं काम आता आतला रेग्युलेटर करतो. ब्रेकचा ड्रम तोच, आतलं लायनिंग नवं. गाडी पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते, आणि पावसाळी संध्याकाळी दिवा पिवळा पडत नाही.

लायनिंगवरून आठवलं. या गाड्यांच्या ब्रेकमध्ये मुळात अॅसबेस्टॉस होतं. ब्रिटनमध्ये त्यावर १९९९मध्ये संपूर्ण बंदी आली. शिसं घातलेलं पेट्रोल २००० साल उजाडताना पंपांवरून गेलं. सप्टेंबर २०२१पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते जुन्या रबराला व फायबरग्लासच्या टाक्यांना सोसत नाही. म्हणजे कट्टरातला कट्टर ओरिजिनलवालाही ब्रेक दाबतो, पेट्रोल भरतो, टायर बदलतो, तेव्हा अपग्रेडच करत असतो. फक्त त्याला ते नाव देत नाही. आमच्याकडे सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या आजीला नळाचं पाणी आधी चालत नसे, मग चालायला लागलं. शास्त्र बदललं नव्हतं, विहीर आटली होती.

आणि हे लोक ज्याला ओरिजिनल म्हणतात ते बघायला कसं असतं? कारखान्यातून कधीच निघालं नसेल इतकं आरशासारखं क्रोम. आठ थरांचा रंग. नव्यानं पाडलेले, पण जुन्या नावाचा शिक्का मारलेले सुटे भाग. इंजिन आणि फ्रेम यांचे नंबर जुळावेत म्हणून नंबर खरवडून पुन्हा ठोकणारे महाभाग तर वेगळेच. १९६९च्या सुमारास ट्रायम्फला नंबराच्या जागेवर आपल्या नावाची बारीक नक्षी उमटवावी लागली, ती उगाच नाही.

त्यांचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. न उघडलेली, न रंगवलेली, पहिल्या दिवसाचा रंग अंगावर घेऊन म्हातारी झालेली गाडी हा दस्तऐवज असतो. तिला हात लावू नये. टाकीवर कोणीतरी हातानं ओढलेली सोनेरी रेघ एकदा घासली की गेली, ती कुठल्याही पैशानं परत येत नाही. अशी गाडी मिळाली तर मी तिला पुसूनसुद्धा विचार करून घेईन. पण अशा गाड्या किती? बाकीच्या सगळ्या माझ्यासारख्या खोक्यांतून आल्या आहेत आणि दहा हातांतून गेल्या आहेत. त्यांच्यावर दस्तऐवजाचे नियम लादणं म्हणजे फाटक्या वहीला ताम्रपट म्हणणं. आणि दुसऱ्या टोकाचे जे शूरवीर ग्राइंडर घेऊन फ्रेमची शेपटी कापतात, सायलेन्सरला पट्ट्या गुंडाळतात आणि त्याला कॅफे रेसर म्हणतात, त्यांच्याशी माझं काही नातं नाही. माझी कसोटी साधी आहे: जे लावलं ते एका दुपारी काढता आलं पाहिजे, आणि जे काढलं ते लेबल लावून डब्यात असलं पाहिजे.

खरे कॅफे रेसर कोण होते तेही आठवावं. पन्नास-साठच्या दशकांत लंडनच्या एस कॅफेवर जमणारी पोरं ट्रायम्फचं इंजिन उचलून नॉर्टनच्या फेदरबेड फ्रेममध्ये बसवत, कारण इंजिन एकाचं चांगलं होतं आणि फ्रेम दुसऱ्याची. त्या संकराला ट्रायटन म्हणतात. आज जुन्या ट्रायटनला लोक नमस्कार करतात. त्या पोरांनी ओरिजिनल जपलं असतं तर नमस्काराला काही उरलं नसतं.

सुधारायला नकार देणारे होते ते वेगळे लोक, साहेबलोक. १९६९मध्ये होंडाची सीबी७५० दुकानांत आली: चार सिलिंडर, डिस्क ब्रेक, बटन दाबून सुरू होणारी, आणि खाली तेलाचा डाग न पाडणारी. बॉनेव्हिलला बटन मिळालं १९८०मध्ये. १९८३मध्ये मेरिडन बंद पडलं. कारणं अनेक होती, पैशाची, संपांची, राजकारणाची. पण "आहे ते ठीक आहे" ही वृत्ती त्यांत होतीच, आणि आज शोरूमच्या दोरीआड उभा असलेला परीक्षक तीच पुढे चालवतो आहे, वारसा म्हणून.

एवढं असूनही इथलं सरकार परीक्षकापेक्षा शहाणं निघालं. मे २०१८पासून चाळीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे, गाडीत 'मोठा बदल' केलेला नसेल तर. पण सुरक्षिततेसाठी चाकं-ब्रेकांच्या यंत्रणेत केलेली सुधारणा किंवा मूळ भाग मिळत नाही म्हणून केलेला बदल, यांना तो नियम मोठा बदल धरत नाही.

भारतात उलटं झालं. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी दुचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची, तर ती मूळ स्वरूपात हवी. चॅसीत किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीचे वीस हजार रुपये. आणि नोंदवल्यावर ती रोज चालवायची नाही; रॅली, प्रदर्शन, संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती, बस्स. महायुद्धानंतर मागे राहिलेल्या बीएसए, नॉर्टन, मॅचलेस आपल्याकडे इतकी वर्षं चालल्या त्या कुणामुळे? सुटे भाग येणं बंद झाल्यावर लेथवर बुश कातून देणाऱ्या, दुसऱ्याच गाडीचा पिस्टन घासून बसवणाऱ्या फिटरांमुळे. या नियमाच्या नजरेत त्यांचं सगळं आयुष्य म्हणजे फेरफार. आणि हे त्या देशात, जिथे आज नॉर्टन टीव्हीएसच्या मालकीची आहे आणि ट्रायम्फच्या ४०० सीसीच्या गाड्या पुण्याजवळ चाकणला बनतात.

त्या नियमात दोन दुरुस्त्या हव्यात. ब्रेक, विजेची यंत्रणा, तेलाचा फिल्टर आणि इंधनाच्या नळ्या यांत मूळ भाग जपून केलेले बदल फेरफार धरू नयेत. आणि नोंदवलेली गाडी मालकाला रविवारी सकाळी, कुठल्याही रॅलीशिवाय, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत नेता यावी. इथेनॉलच्या पेट्रोलला टिकणाऱ्या नव्या नळ्या मात्र त्यानं नियमाची वाट न बघता आजच टाकून घ्याव्यात. जुनं रबर फुगून फुटलं तर पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनावर पडतं.