चार गडी, पाच तिकिटे

दिवाळीपूर्वीची साफसफाई म्हणजे व्यापारी घरातील माळ्याची परीक्षाच असते. सांगलीच्या गणपती पेठेशी तीन पिढ्यांचा संबंध असलेल्या एका कुटुंबात अशाच साफसफाईत पत्र्याची एक जुनी ट्रंक खाली आली. भांड्यांचे दुकान बंद होऊन बरीच वर्षे लोटली होती. ट्रंकेत निघाल्या त्या लाल कापडी बांधणीच्या वह्या. काही रोजकीर्दी, काही खतावण्या, आणि वेगळ्या दोऱ्याने बांधलेल्या चार-पाच पातळ वह्या. त्यांच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत एकच शब्द होता : ‘यात्रा’. रद्दीवाला तराजू घेऊन दारात उभा होता. सनदी लेखापालाचा अभ्यास करणाऱ्या नातवाने वजनापूर्वी सहज म्हणून एक पातळ वही उघडली, आणि रद्दीवाल्याला त्या दिवशी रिकाम्या हाताने परतावे लागले.

या वह्या नातवाच्या पणजोबांच्या. घरात त्यांना आप्पा म्हणत. मार्गशीर्ष आणि पौष हे दोन महिने आप्पा दुकान मुनिमावर सोपवून यात्रा करीत. ही यात्रा देवदर्शनापेक्षा व्यापाराची अधिक. पुसेगावचे सेवागिरी महाराज, म्हसवडचा सिद्धनाथ, पालीचा खंडोबा, खरसुंडीचा सिद्धनाथ, अशा सातारा-सांगलीच्या यात्रांत तांब्या-पितळेची भांडी घेऊन ते पाल ठोकत. वहीत जागेचे भाडे होते, बैलगाडीचे भाडे होते, पेट्रोमॅक्सच्या बत्तीचे रॉकेल होते, जांगड दिलेल्या घागरींचा हिशेब होता. आणि प्रत्येक यात्रेच्या शेवटच्या रात्री किरकोळ खर्चात एक ओळ न चुकता होती : ‘तंबू, माणसे ५.’

‘तंबू’ म्हणजे काय, हे नातवाला आजोबांना विचारावे लागले. ज्यांच्या वयाची साठी उलटली आहे त्यांना ते सांगावे लागत नाही. टुरिंग टॉकीज हा शब्द सर्रास रुळण्यापूर्वी आणि रुळल्यानंतरही, सातारा-सांगलीच्या माणदेशी पट्ट्यात सिनेमा म्हणजे ‘तंबू’च होता.

या भागाला तंबूचे नवल नव्हते. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले ते सांगलीत, आणि भारतीय सर्कशीचे जनक मानले जाणारे विष्णुपंत छत्रे हे सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचे. सिनेमाही भारतात स्थिरावला तो असाच फिरत फिरत. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. त्यानंतर काही वर्षांतच सुरतेचे अब्दुलअली युसुफअली यांच्यासारखे उद्योजक तंबू आणि यंत्र घेऊन ब्रह्मदेश, सिंगापूरपर्यंत खेळ करीत फिरले. १९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट ज्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागला, त्याच्या मालकीत पुढे त्यांचा वाटा होता. फिरत्या व्यापाऱ्याने भांडवल जमवून पक्की पेढी घालावी, तसाच हा प्रवास झाला.

यात्रेच्या मैदानात तंबू एकटा नसे. शेजारी आकाशपाळणा, लाकडी फळ्यांच्या विहिरीत मोटारसायकल फिरवणारा ‘मौत का कुआँ’, आणि शिर बाईचे व धड सापाचे असलेली ‘नागकन्या’. नागकन्येचे रहस्य मेजाखाली तिरक्या बसवलेल्या आरशांत असे. त्या आरशांत बाजूची कनात उमटे, ती मागची कनात वाटे, आणि मेजाखाली कोणी दडलेले नाही असा प्रेक्षकाचा समज होई. पलीकडे रंगवलेल्या पडद्यासमोर पुठ्ठ्याच्या विमानात बसवून छायाचित्र काढणारा असे. अनेक घरांतील आजी-आजोबांचे एकत्र असे पहिले छायाचित्र त्याच पुठ्ठ्याच्या विमानातले असते. आज ज्याला चित्रपटांवर आधारलेले मनोरंजन उद्यान म्हणतात, त्याची सारी अंगे त्या माळरानावर हजर होती. फक्त त्याला भिंत नव्हती आणि प्रवेशद्वारी तिकीट नव्हते. ज्याच्या कनवटीला काही नाही, तोही आकाशपाळण्याकडे मान वर करून पाहू शके आणि तंबूबाहेर उभा राहून सारा सिनेमा कानांनी ऐके.

तंबूचा खेळ अंधार पडल्याखेरीज सुरू होत नसे, कारण कापडी कनातीतून उजेड आत येई. जैन कुटुंबांच्या हे पथ्यावर पडे. रात्रिभोजनाचा त्याग असल्याने सूर्यास्तापूर्वीच ताट-वाट्या घासून पालथ्या पडलेल्या असत. इतरांच्या चुली धुमसत असताना जैन व्यापाऱ्यांच्या पालांतील मुले हात-तोंड पुसून पडद्यासमोरची जागा धरून बसत. मध्ये दोर बांधून एका बाजूला बायका आणि दुसऱ्या बाजूला पुरुष बसत. काही तंबूंत पडद्यामागेही लोक बसवले जात. त्यांना चित्र दिसे, पण पाटीवरची अक्षरे उलटी दिसत.

आत एकच यंत्र असे. ३५ मिलिमीटर रुंदीची फीत सेकंदाला २४ चित्रे या वेगाने सरके. दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये विजेची प्रखर ज्योत पेटवून तिच्या उजेडात चित्र पडद्यावर पडे. २,००० फुटांचे एक रीळ सुमारे २२ मिनिटांत संपे. मग खेळ थांबवून दुसरे रीळ चढवावे लागे. शहरातील चित्रपटगृहात दोन यंत्रे असल्याने प्रेक्षकाला हे कळत नसे. तंबूत मात्र दर रिळाला मध्यंतर होई आणि तेवढ्यात शेंगदाणे-फुटाणेवाला आपला धंदा उरकून घेई.

धंद्याचा मुद्दा याहून मोठा आहे. ‘यात्रा’ वहीतील रोजची विक्री पाहताना नातवाच्या लक्षात आले की दिवसाइतकीच विक्री दिवेलागणीनंतर होत असे. याचे कारण उघड होते. सिनेमा पाहायचा म्हणून दूरच्या वाड्यांवरचे लोक मुक्काम करीत, आणि मुक्कामी माणूस खरेदी करतो. कोणी कोणाशी करार केलेला नव्हता, तरी तंबूवाला आणि भांडीवाला एकमेकांच्या आधाराने उभे होते.

हा आधार हळूहळू सुटत गेला. गावोगावी दूरदर्शन पोहोचले. १९८७ साली ‘रामायण’ मालिका सुरू झाल्यावर रविवार सकाळचे रस्ते ओस पडू लागले. मग व्हिडिओ आला, केबल आली. अखेरचा घाव यंत्रानेच घातला. सिनेमा फितीऐवजी संगणकीय रूपात येऊ लागला आणि फितीच्या प्रती निघेनाशा झाल्या. कच्ची फिल्म बनवणाऱ्या जपानच्या फुजीफिल्मने चित्रपटांच्या फितीचे उत्पादन २०१३ साली थांबवले. ज्या तंबूवाल्यांना नवे यंत्र परवडले नाही त्यांची जुनी यंत्रे भंगारात गेली, तीही वजनावर. महाराष्ट्रातील या अखेरच्या तंबूवाल्यांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी काही वर्षे त्यांच्यासोबत फिरून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. तो २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. गजेंद्र अहिरे यांचा ‘टुरिंग टॉकीज’ हा मराठी चित्रपट त्याआधी २०१३ साली आला होता.

त्याच २०१३ साली खोपोलीजवळ ‘ॲडलॅब्स इमॅजिका’ हे उद्यान सुरू झाले. ते उभारणारे मनमोहन शेट्टी यांची मूळ ओळख ‘ॲडलॅब्स’ या चित्रफिती धुणाऱ्या आणि छापणाऱ्या प्रयोगशाळेची. फितीचा काळ सरत आला त्याच सुमारास फितीच्या धंद्यात नाव कमावलेल्या माणसाने सिनेमाचे माळरान नव्या रूपात मांडले, हा योगायोग व्यापाऱ्यांनी ध्यानात घ्यावा असा आहे. तेथील सुरुवातीच्या आकर्षणांत ‘मिस्टर इंडिया’ या १९८७ च्या चित्रपटावरचा खेळ होता. त्यात पडद्यावरच्या दृश्याबरोबर प्रेक्षकांच्या खुर्च्याही हलत. सांगलीच्या त्या नातवाची दिवाळीची सहल तेथेच ठरली होती.

अशा उद्यानांतील आकर्षणेही कायमची नसतात. अमेरिकेत ऑर्लँडो येथील युनिव्हर्सल स्टुडिओच्या उद्यानात ‘जॉज’ या चित्रपटावरचा यांत्रिक शार्क माशाचा खेळ १९९० पासून होता. २ जानेवारी २०१२ रोजी तो बंद झाला आणि त्या जागी २०१४ साली हॅरी पॉटरची गल्ली उभी राहिली. लहानपणी त्या होडीत बसलेले लोक आज त्या शार्कची आठवण काढून हळहळतात. जागेचे भाडे, देखभालीचा खर्च आणि नव्या पिढीची आवड यांचा हिशेब मांडला की जुने आकर्षण वजा होते. मालकाच्या दृष्टीने ते चूक म्हणता येत नाही. परंतु ऑर्लँडोच्या शार्कचे नकाशे, चित्रफिती, छायाचित्रे मागे राहिली आहेत. पुसेगावच्या आणि खरसुंडीच्या तंबूचे काय राहिले? तंबूवाल्याचे आयुष्य मालमोटारीत गेले. त्याला कागद जपायला कपाट नव्हते. कोणत्या वर्षी कोणती यात्रा भरभराटीची झाली, कोणत्या वर्षी दुष्काळाने तंबू रिकामा राहिला, याची नोंद त्याने ठेवली असेल तरी ती पावसात भिजून गेली. ती नोंद आता सापडण्याचा संभव आहे तो शेजारच्या पालात बसलेल्या व्यापाऱ्याच्या वहीत. तो मात्र रोज रात्री, कितीही दमला तरी, मेळ जुळवल्याशिवाय झोपत नसे.

नातवाने त्या रात्री वह्या पुढे घेतल्या आणि आजोबांना विचारले, ‘‘आजोबा, यात्रेला पणजोबांबरोबर गडी किती असायचे?’’

‘‘चार. पाचवा ठेवणे परवडत नव्हते.’’

‘‘मग तिकिटे पाच कशी?’’

आजोबा म्हणाले, ‘‘गाडीवान असेल.’’ नातवाने पान उलटून दाखवले. गाडीवानाला माल उतरताच भाडे चुकते करून त्याच दिवशी परत पाठवल्याची नोंद होती. ‘‘मग कोणी पाहुणा असेल. आप्पांनी जन्मात सिनेमा पाहिला नाही. आम्हाला तर त्यांनी थिएटरची पायरी चढू दिली नाही. सिनेमाचे नाव काढले की ताटावरून उठायचे.’’ नातवाने बाकीच्या वह्या उघडल्या. दुसऱ्या वर्षी चार गड्यांची मजुरी, पाच तिकिटे. तिसऱ्या वर्षीही तेच. दर वर्षी, दर यात्रेला नेमका एकच पाहुणा येईल आणि त्याच्या चहाचा एक पैसाही खर्ची पडणार नाही, हे हिशेबात बसणारे नव्हते. शिवाय पाचही तिकिटे एकाच दराची होती. तो दर खुर्चीचा नव्हता, जमिनीवरचा होता.

आजोबा बराच वेळ वहीवर हात ठेवून बसले. मग म्हणाले, ‘‘एका वर्षी पुसेगावाहून आल्यावर आप्पांनी आम्हा भावंडांना तुकोबांची गोष्ट सांगितली होती. गरुडाचे विमान कसे वर वर गेले, ते हात उंचावून दाखवत होते. मला वाटे, कोठे कीर्तनात ऐकले असेल.’’ प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ सालचा. दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पुढे कितीतरी वर्षे तो खेडोपाडी तंबूंतून दाखवला जात होता. त्यातील अखेरचे गरुडविमान ज्यांनी पाहिले ते विसरले नाहीत.

मुलांना धाक राहावा म्हणून जन्मभर जपलेली गोष्ट आप्पांनी कोणाला सांगितली नाही. पण वहीत खोटे लिहिणेही त्यांना जमले नाही. चार गडी आणि आपण, अशी पाच माणसे त्यांनी मोजली, सारखी तिकिटे काढली आणि चौघांच्या शेजारी जमिनीवर बसून त्यांनी सिनेमा पाहिला. रांग टाळण्यासाठी वेगळे महाग तिकीट आज अनेक उद्यानांत मिळते. त्या काळी यात्रेत मालकाला खुर्ची मिळाली असती. त्यांनी ती घेतली नाही.

दिवाळीनंतर ते कुटुंब ठरल्याप्रमाणे खोपोलीला जाऊन आले. सर्वांना तेथे आनंद झाला. जाण्यापूर्वी नातवाने ‘यात्रा’ वह्यांच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घेतले. आजोबांनी मूळ वह्यांना नवे कापड गुंडाळले आणि त्या देवघराजवळच्या कपाटात ठेवल्या. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली ती ऋणकोला मोकळे करण्यासाठी. ज्या वह्यांत कोणाचेच देणे उरलेले नाही, त्या बुडवून कोण मोकळे होणार?

जैन समाजाला हे वेगळे सांगावे लागू नये. मूडबिद्रीला धवल ग्रंथांच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके जपणारा हा समाज आहे. श्रुतपंचमीला ग्रंथ बाहेर काढून त्यांची धूळ झटकावी, वेष्टने बदलावी, ही रीत अनेक घरांत आजही पाळली जाते. दुकानाच्या वह्या शास्त्रग्रंथांच्या पंक्तीला बसत नाहीत, आणि त्यांनी बसूही नये. तरी त्यांच्यासाठी वर्षातून एक दुपार काढता येईल. ज्यांच्या घरी जुने सिनेमाचे कागद, जाहिराती किंवा यंत्राचे भाग पडून असतील त्यांच्यासाठी पुण्यात १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. वह्यांसाठी मात्र घरातलेच कोणी लागते. आकड्यांच्या ओळीतून एखादा पाचवा माणूस ओळखू येण्यासाठी त्याच्या आवाजाची आठवण असणारे कोणी घरात असताना त्या वाचल्या जाव्यात. रद्दीवाला पुढच्या दिवाळीला पुन्हा येणारच आहे.