आयीच्या हातची लिआंगपी



चीनमधल्या माझ्या वर्षाबद्दल लिहायला लागल्यापासून तुमची पत्रे येताहेत. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न, 'तिथे खाल्लंत तरी काय?' आणि उरलेल्या निम्म्यांत, जरा आडवळणाने, 'सहा वर्षांच्या मुलीला घरी ठेवून जाववलं कसं हो?' एका भगिनीने तर आडवळणही घेतलेले नाही. दोन्ही उत्तरे मला एकाच बाईपाशी सापडतात, म्हणून आज तिच्याविषयीच लिहिते.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी हिंदी घेऊन बी. ए. झालेली आणि इथल्या शाळेत अर्धवेळ शिकवणारी. कॉलेजातल्या आमच्या बाईंमुळे शीआन शहरातल्या एका विद्यापीठाचे बोलावणे आले, हिंदी संभाषण शिकवायला. सप्टेंबर २०१८ ते जून २०१९, म्हणजे दहा महिने. हे म्हणाले, 'तू ठरव.' असे म्हणणारे नवरे आपल्याला मदत करतात की अडचणीत टाकतात, ते मला अजून कळलेले नाही. ठरवले ते सासूबाईंनी. 'जा. पोर मी बघते. मला कुणी असं बोलावलं असतं ना, तर मी गेले असते.' एवढे बोलून त्या भाजी निवडायला बसल्या.

नोकरीची चौकशी करणाऱ्यांसाठी इथेच सांगून टाकते. कामाचा व्हिसा हातात पडल्याशिवाय निघू नका. 'इंग्रजी शिकवायला चला, आधी टूरिस्ट व्हिसावर या, मग बघू,' म्हणणारे एजंट पुष्कळ भेटतात. तिथे इंग्रजी शिकवायला बहुतेक इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांतलेच लोक घेतात. आणि परवान्याशिवाय काम करताना सापडलात तर ५,००० ते २०,००० युआन दंड, प्रकरण गंभीर असेल तर पाच ते पंधरा दिवस कोठडी.

तर मी झाले 'वाईज्याओ', म्हणजे परदेशी शिक्षक. गेले आणि आठवड्याभरात १० सप्टेंबर उजाडला, तो तिथला शिक्षकदिन. मुलामुलींनी फुले आणली, 'लाओशी, लाओशी' म्हणत फोटो काढले. वर्गात मी लाओशी, पण वर्गाबाहेर पाऊल टाकले की निरक्षर! दुकानात मीठ कुठले आणि साखर कुठली ते वाचता येईना. पहिल्या आठवड्यात चहात मीठ पडले ते त्यामुळेच. बसची पाटी, औषधाची बाटली, गिझरची बटणे, सगळीकडे नुसती चित्रे. इतकी वर्षे मी पोरांना 'एवढंही वाचता येत नाही?' म्हणून दटावत आले होते, ते त्या दिवसांत फार आठवले. वर्गात तरी कुठे सुटका होती? 'लाओशी, खुर्ची बाई का आणि पलंग पुरुष का?' त्यांच्या भाषेत हे लिंगाचे लचांडच नाही. आणि माझे दही मराठीत नपुंसक, हिंदीत पुल्लिंगी. दोनदा फळ्यावर मीच चुकले.

सुटीच्या दिवशी शहर बघायचे. जुन्या शहराभोवती मिंग राजवटीतला तट आहे, १३.७ किलोमीटर लांब, आणि वर इतका रुंद की त्यावर भाड्याच्या सायकली फिरतात. कॉलेज सुटल्यापासून मी सायकलला हात लावला नव्हता. पूर्ण फेरी मारली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात खुर्ची सोडली नाही. मातीचे सैनिक तर सगळ्या जगाला माहीत आहेत. १९७४ साली विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडले. सुमारे ८,००० असावेत असा अंदाज आहे, पुष्कळसे अजून मातीखालीच आहेत. मूळचे रंगीत होते, पण उकरून काढल्यावर हवा लागताच रंगाचे पोपडे उडाले. प्रत्येकाचा चेहरा निराळा. त्यांत एक हुबेहूब आमच्या भावजींसारखा निघाला. फोटो पाठवला तर ते आठवडाभर रुसले.

मला मात्र ओढ लागली ती रानहंसाच्या मोठ्या पॅगोड्याची. शाळेच्या पुस्तकातला ह्युएनत्संग आठवतो ना? त्याने भारतातून नेलेल्या पोथ्या ठेवायला सन ६५२ मध्ये हा बांधला. हा मनुष्य पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला, आणि इथली माणसे उपकार विसरत नाहीत नि अपमानही विसरत नाहीत, असे लिहून गेला. (आमच्या घरी दुसऱ्या भागाचा अनुभव जास्त!) निघाल्यापासून परत पोचेपर्यंत त्याची सोळा वर्षे गेली. पायऱ्या चढताना मनात आले, याला बरे कुणी विचारले नाही, घर सोडून जाववले कसे म्हणून. अर्थात तो भिक्षू. त्याच्या घरी दुधाचे दात पडायचे नव्हते.

आमच्या लेकीचा पहिला दात ऑक्टोबरात पडला. मी तो फोनवर पाहिला. व्हॉट्सअ‍ॅप तिथे चालत नसे, म्हणून सासूबाई साठीत वीचॅट शिकल्या. तिथले घड्याळ अडीच तास पुढे. घरी साडेसातची दिवेलागण झाली की माझे दहा वाजलेले असत. असेच एकदा बोलताना मी जिन्यात कुणाला तरी 'आयी' म्हणून हाक मारली. पलीकडे एकदम शांतता. मग बारीक आवाजात, 'तू कुणाला आई म्हणतेस?'

आयी म्हणजे चिनी भाषेत मावशी. कामाच्या बाईंनाही तसेच म्हणतात, आपण नाही का 'मावशी' म्हणत! ही आयी आमच्या इमारतीचे जिने पुसायची, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी. कमरेला किल्ल्या, हातात गरम पाण्याचा थर्मास. भेटली की पहिला प्रश्न, 'जेवलीस का?' तिकडच्या जुन्या वळणाच्या लोकांचा हाच नमस्कार, मला काही तो परका वाटला नाही. नोव्हेंबरात थंडी मरणाची. इमारतीचे हीटर १५ तारखेशिवाय सुरू होत नाहीत, कारण ते सरकारी वेळापत्रकावर चालतात. तेव्हा तिने न विचारता तिची जाड रजई आणून दिली.

तिचा मुलगा गावी, आजी-आजोबांकडे. गावच्या नोंदणीवर शहरातल्या सरकारी शाळेत प्रवेश मिळणे कठीण, म्हणून आईबाप शहरात नि पोर गावात, अशी घरे तिथे लाखोंनी आहेत. अशा मुलांना त्यांच्या भाषेत 'मागे राहिलेली मुले' असा शब्दच आहे. ती मुलाला वर्षातून एकदा भेटायची, नववर्षाला.

जानेवारीच्या सुटीत मी घरी आले. लेक दारात सासूबाईंच्या पदरामागे उभी राहिली आणि तासभर माझ्याजवळ आली नाही. फेब्रुवारीत परतले तर आयीही गावाहून आलेली. माझी एक विद्यार्थिनी सोबत होती, तिने दुभाष्याचे काम केले. आयीने पहिलेच विचारले, 'तुझी जवळ आली का?' मी म्हटले, 'तासाभराने.' ती म्हणाली, 'माझा दोन दिवसांनी.' विद्यार्थिनी खाली बघत राहिली. आयी उठली आणि म्हणाली, 'चल, लिआंगपी करू.'

आता 'खाल्लंत काय'चे उत्तर. कणकेऐवजी मैदा घ्या. घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. मग पाण्यात चोळून चोळून धुवा. पाणी दुधासारखे होते. ते काढून पुन्हा नवे पाणी, असे चार-पाचदा. हातात रबरासारखा गोळा उरतो, तो वाफवून तुकडे करायचे. पांढरे पाणी रात्रभर ठेवून सकाळी वरची निवळी ओतून द्यायची. खाली काय बसते? आपला गव्हाचा चीक! कुरडयांचा! मी तिथल्या तिथे ओरडलेच. तेल लावलेल्या पसरट ताटलीत तो पातळ ओतायचा, उकळत्या पाण्यावर झाकण ठेवून दोन-तीन मिनिटे वाफवायचा, ताटली गार पाण्यावर टेकवून पापुद्रा सोडवायचा आणि रुंद पट्ट्या कापायच्या. वर काकडी, मोडाचे मूग, वाफवलेल्या गोळ्याचे तुकडे, मीठ, व्हिनेगर, ठेचलेल्या लसणाचे पाणी आणि लाल तिखटावर कडकडीत तेल ओतून केलेली चटणी. शाकाहारी बाईचे वर्ष निघाले ते बरेचसे यावरच.

जूनमध्ये निघताना तिने दोन ताटल्या माझ्या बॅगेत कोंबल्या. वर्षभर वीचॅटवर तिच्या मुलाचे फोटो यायचे. २०२० च्या जूनमध्ये आपल्याकडे वीचॅट बंद झाले आणि तो धागा तुटला.

तर त्या भगिनींना उत्तर एवढेच, की जाववले नाही. गेले.

गेल्या उन्हाळ्यात कुरडयांचा चीक काढला, तेव्हा सासूबाईंनी त्यातला दोन वाट्या बाजूला ठेवला होता. मला काही बोलल्या नाहीत. ताटल्या मात्र घासून ओट्यावर मांडलेल्या होत्या.