नवी आवृत्ती आणि शुद्धिपत्र

जुन्या मराठी पुस्तकांच्या अखेरीस पुष्कळदा शुद्धिपत्र जोडलेले असे. चोखंदळ वाचक ते पाहून लेखणीने आपली प्रत दुरुस्त करी. परंतु ती दुरुस्ती त्याच्या प्रतीपुरतीच राही. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे, म्हणजे ज्याचा मूळ मजकूर कोणालाही वाचता व सुधारता येतो अशा आज्ञावलीचे, तसे नाही. तेथे एकाने दाखविलेला दोष पुढील आवृत्तीत सर्वांसाठीच दूर होऊ शकतो. एवढी सोय हाताशी असता आपण मराठी माणसे तिचा उपयोग करीत नाही, ही माझी तक्रार आहे.

प्रथम आवृत्तीविषयी. जे नवे ते उत्तम, अशी विद्यार्थिवर्गाची समजूत दिसते. डेबियन ही १९९३ साली आरंभिलेली प्रणाली पाहावी. तिच्या तीन शाखा आहेत: स्थिर, चाचणीतील आणि अस्थिर. नवी स्थिर आवृत्ती साधारणतः दोन वर्षांनी निघते. बारावी जून २०२३ मध्ये निघाली, तेरावी ऑगस्ट २०२५ मध्ये. या आवृत्त्यांना एका चित्रपटातील खेळण्यांची नावे देतात, आणि अस्थिर शाखेला त्याच चित्रपटातील खेळणी मोडणाऱ्या मुलाचे! स्थिर म्हणजे निर्दोष नव्हे. तीत नवे काही न घालता केवळ दोष काढीत राहतात, इतकेच. ज्याला उद्या निबंध सादर करावयाचा आहे, त्याने ही शाखा धरावी. ज्याला कुतूहल आहे आणि वेळही आहे, त्याने खुशाल दुसरी धरावी. मात्र डोळे उघडे ठेवावेत.

डोळे उघडे ठेवण्याचे फळ २०२४ च्या मार्चमध्ये दिसले. आंद्रेस फ्रॉइंड नावाचे अभियंते डेबियनच्या अस्थिर शाखेवर काही मोजमाप करीत असता, दूरच्या यंत्रात प्रवेश करण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे त्यांच्या ध्यानात आले. दुसऱ्या कोणी ते मनावर घेतले नसते. त्यांनी शोध घेतला, तेव्हा 'एक्सझेड' या संकोचन-आज्ञावलीच्या दोन नव्या आवृत्त्यांत कोणी चोरवाट ठेवल्याचे उघडकीस आले. २९ मार्चला त्यांनी ते जाहीर केले. डेबियनच्या स्थिर शाखेत तो विषारी भाग अद्याप पोहोचलाच नव्हता.

याच प्रकरणाची दुसरी बाजू मला अधिक अस्वस्थ करते. ती आज्ञावली मुख्यत्वे एकच स्वयंसेवक सांभाळीत होता. 'काम लवकर का होत नाही?' असा तगादा अनोळखी नावांनी त्याच्यामागे लागला, आणि थकलेल्या त्या माणसाने ज्या मदतनीसावर विश्वास टाकला, त्याच्याच नावे पुढे ती चोरवाट आली. फुकट मिळालेल्या वस्तूच्या कर्त्यावर डाफरणे म्हणजे दोष कळविणे नव्हे.

आता आपल्या लिपीकडे वळू. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द घ्या. माझी मायबोली कोंकणी असल्याने दर्या मला प्रियच. तरी सह्याद्रीच्या दऱ्या लिहिताना एखाद्या आज्ञावलीने तेथे समुद्र आणून ठेवला, तर ते कोणी सहन करावे? मराठी 'ॲ' या अक्षराला युनिकोड संकेतप्रणालीत स्वतःचे स्थान मिळाले ते २००८ साली. फिनलंडमधील वा अमेरिकेतील अतिशय सज्जन आज्ञावलीकारालाही हे भेद आपण होऊन दिसणार नाहीत. ते आपल्यालाच दिसतात. आणि येथे सुरतेत, गुजराती पाट्यांच्या गर्दीत मराठी शिकणाऱ्या मुलांना तर अधिकच तीव्रतेने दिसावेत.

आपल्या कतारगामात हिरा पारखणारे पुष्कळ. तुमच्यापैकी कित्येकांचे वडील वा भाऊ डोळ्याला भिंग लावून बसतात. 'हिरा वाईट आहे' एवढ्यावर त्यांचे भागत नाही. डाग नेमका कोठे आहे ते त्यांना सांगावे लागते. 'प्रोग्राम चालत नाही' हे वाक्यही तसेच निरुपयोगी आहे. आवृत्ती कोणती, आपण काय केले, काय व्हावयास हवे होते आणि काय झाले, हे क्रमाने लिहावे. तोच दोष आधी कोणी नोंदविला आहे काय, हे तत्पूर्वी पाहावे. असल्यास नवी नोंद न करता आपली माहिती तीतच जोडावी.

इंग्रजी येत नाही, ही सबब मला ऐकवू नका. मोडक्या इंग्रजीच्या दोन ओळी आणि पडद्यावरील बिघडलेल्या शब्दाचे चित्र पुरे असते. हवा तो शब्द शेजारी हाताने लिहून दाखविला, की देवनागरीचे एकही अक्षर न जाणणाऱ्यालाही दोन आकृत्यांतील फरक दिसतो.