किल्ला आणि कारखाना

वैतरणेच्या मुखाशी असलेला अर्नाळ्याचा जलदुर्ग मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगिजांकडून घेतला. पहिल्या बाजीरावांनी तो नव्याने बांधविला. तट भक्कम झाले. परंतु चांगल्या तोफांसाठी पेशवाईला अखेरपर्यंत परक्यांच्या तोंडाकडे पाहावे लागले.

स्वतंत्र भारतात तिरुचिरापल्लीच्या सरकारी कारखान्याने सुमारे १८०० मीटर पल्ल्याची ‘विध्वंसक’ रायफल घडविली. २०२५ मध्ये ‘अर्नाळा’ ही देशी बांधणीची युद्धनौका नौदलात दाखल झाली. हे स्वागतार्हच आहे. मात्र एवढ्या पल्ल्याची नळी केवळ अंदाजपत्रकातील तरतुदीने अचूक होत नाही. त्यासाठी उत्तम पोलाद आणि लेथवर मुरलेला कसबी हात लागतो. तो हात शाळेच्या कार्यशाळेत तयार होतो. शाळांतून अशा कार्यशाळा किती आहेत, हा प्रश्न म्हणूनच केवळ शिक्षणखात्याचा नव्हे. तो संरक्षणाचाही आहे.