बॉनेटखालचा मूळ पाठ

'मूळ' हा शब्द आपल्या साहित्यव्यवहारात सैलपणे वापरला जातो. मूळ संहिता, मूळ प्रत, लेखकाचा मूळ हेतू असे आपण म्हणतो, आणि 'मूळ' म्हणजे नेमके कोणत्या क्षणीचे, कोणाच्या हातचे, हा प्रश्न बहुधा न विचारताच पुढे जातो. हा प्रश्न अत्यंत काटेकोरपणे, तर कधी हास्यास्पद वाटावे इतक्या बारकाईने, विचारणारी एक मंडळी अमेरिकेत आहे. साहित्याशी तिचा काही संबंध नाही. जुन्या स्पोर्ट्‌स मोटारींच्या बॉनेटखालचा भाग, म्हणजे इंजिनाचा कप्पा, कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसा पुन्हा घडवणे हा तिचा ध्यास. पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्यांनी या मंडळींकडे थोडा वेळ लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते. त्यांना सापडलेली उत्तरे आपल्या कामाची आहेत, आणि त्यांच्या हातून होणारा अपराधही आपल्या ओळखीचा आहे.

उदाहरणादाखल १९६३ ते १९६७ या काळातली शेव्हरोले कंपनीची 'कॉर्व्हेट स्टिंग रे' ही गाडी घेऊ. तिची जुळणी सेंट लुइसच्या कारखान्यात होई. छोट्या जातीची इंजिने मिशिगनमधल्या फ्लिंट येथून आणि १९६५पासून मिळू लागलेली मोठी इंजिने न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडा येथून येत. १९७४ साली स्थापन झालेली 'नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोअरर्स सोसायटी' अशा गाड्यांचे परीक्षण करते. गाडी कारखान्यातून बाहेर पडताना जशी असे, तिच्याशी समोरची गाडी किती जुळते, यावर गुण ठरतात. अस्सलपणाचे गुण वेगळे आणि सुस्थितीचे वेगळे. सर्वोच्च 'टॉप फ्लाइट' दर्जासाठी शेकडा ९४ गुण लागतात. गाडी कारखान्याने केली होती त्याहून सुंदर केली, तरी गुण जातात.

हे शेवटचे वाक्य वाचकांनी पुन्हा वाचावे. त्या काळी इंजिनाला नारिंगी रंग दिला जाई तो इंजिन जोडून झाल्यावर, फवाऱ्याने. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे जळका वायू बाहेर नेणारे बिडाचे नळ, तेव्हा जागेवरच असत. त्यामुळे त्यांच्यावरही नारिंगी शिंतोडे उडत, आणि इंजिन तापू लागले की ते जळून जात. जिथे वरचा मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा असे तिथे तो झाकून रंग फवारला जाई. झाकण घाईने ठेवलेले असल्याने कडेला रंगाची वेडीवाकडी किनार उमटे. आतल्या भिंतीवरचा काळा रंग कुठे दाट, कुठे विरळ. तपासनिसांच्या खडूच्या खुणा तशाच राहिलेल्या. हे सारे दोष आता अभ्यासपूर्वक पुन्हा घडवले जातात. ज्या कामगाराला पुढची गाडी समोर येण्याआधी हातातली उरकायची होती, त्याच्या घाईची नक्कल आज कोणी महिनोन्‌महिने खपून करतो.

यात वेडेपणा आहे खरा, पण त्याला शिस्त आहे, आणि ती शिस्त आपल्या परिचयाची आहे. पाठचिकित्सेत एक जुना दंडक आहे: दोन पाठांपैकी जो अवघड, खडबडीत, तो बहुधा जुना, कारण नकलकार अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करत नाही. मोटारींच्या बाबतीत हाच नियम लागू पडतो. हौशी मालकाचा कल गुळगुळीत करण्याकडे असतो. तो बिडाला चकाकी आणतो, साध्या बोल्टला क्रोमचा मुलामा देतो, रंगाचे ओघळ घासून काढतो. रंगाची वेडीवाकडी किनार हा 'अवघड पाठ' होय. ती पुसणारा मालक आणि आर्ष रूप बदलून सुबक शब्द घालणारा नकलकार यांची जात एकच.

या मंडळींची दुसरी जाण अशी की मूळ पाठ एकच असतो असे नाही. स्टिंग रेचे शरीर फायबरग्लासचे. इंजिनाच्या ठिणग्यांमुळे रेडिओत येणारी खरखर असे शरीर अडवू शकत नाही, म्हणून ठिणगीच्या तारांवर चकचकीत धातूची आवरणे बसवली जात. मात्र ज्या ग्राहकाने रेडिओ घेतलाच नाही, त्याच्या गाडीला ही आवरणेही नसत. तेव्हा एका गाडीत जे अस्सल ते शेजारच्या गाडीत प्रक्षिप्त! शिवाय १९६४ ते १९६७ या वर्षांत काही शरीरे सेंट लुइसमध्ये, तर काही मिशिगनमधल्या आयोनिया येथे ए. ओ. स्मिथ कंपनीकडे तयार होत. पट्टीवरच्या क्रमांकाआधीचे 'एस' किंवा 'ए' हे अक्षर ती कुठली हे सांगते. या दोन घराण्यांच्या बारकाव्यांची सरमिसळ केली तर कारखान्यातून कधीच न निघालेली गाडी तयार होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हा उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील परंपरांच्या पोथ्या लावताना संपादकांसमोर हाच पेच होता. त्यांनी निवड केली आणि न स्वीकारलेले पाठ तळटीपांत जपून ठेवले. निवडीइतकेच हे जपणे मोलाचे होते.

इथेच आमचा मतभेद सुरू होतो. मोटारीला तळटीप नसते. तिच्यावर एकच पाठ राहू शकतो, आणि तो लिहिण्यासाठी आधीचा खरवडावा लागतो. पन्नास-साठ वर्षांचा काजळलेला, तेलकट, पण आपल्याच रंगाचा कप्पा उघडा करून जेव्हा कोणी रसायनाने धुतो, तेव्हा तो एका पोथीचे अक्षर पुसून त्याच कागदावर तिची सुंदर नक्कल करत असतो. नक्कल निर्दोष असली तरी पोथी गेली ती गेली. आणि विसंगती पाहा: शिंतोडे कुठवर उडत, खडूची खूण कुठे असे, हे ज्ञान आले कुठून? न खरवडलेल्या गाड्यांवरूनच. म्हणजे अशी प्रत्येक गाडी धुतली जाते तेव्हा पुढच्या जीर्णोद्धाराचा एक पुरावा नष्ट होतो. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली. त्या उपकाराबद्दल कृतज्ञ असूनही अभ्यासकाला त्याआधीच्या पाठाची हुरहूर लागतेच. राजवाड्यांनी १९०९ साली जुनी म्हणून एक प्रत छापली ती याच ओढीने. नाथांच्या हातची शुद्धी आपल्याला चालते, कारण तिच्यामागे अधिकार होता. हा अधिकार प्रत्येक गॅरेजमध्ये असतो असे मानणे धाडसाचे.

याहून गंभीर बाब क्रमांकांची. इंजिनाच्या पुढच्या बाजूस एका छोट्या सपाट जागेवर जोडणीची तारीख, इंजिनाचे सांकेतिक अक्षर आणि गाडीच्या क्रमांकाचा अंश ठोकलेला असतो. हे जुळले की गाडीची किंमत कितीतरी वाढते. म्हणून बदललेल्या इंजिनावरचे जुने आकडे घासून 'हवे ते' ठोकण्याचा उद्योग चालतो, आणि तो पकडण्यासाठी परीक्षक त्या जागेवरचे यंत्राचे मूळ ओरखडे न्याहाळतात. रंगाची किनार पुन्हा काढणे आणि आकडे पुन्हा ठोकणे यांत फरक काय, असे कोणी विचारील. आमच्या मते फरक स्पष्ट आहे. पहिले काम 'गाडी अशी दिसे' असे सांगते. दुसरे 'हीच ती' असे खोटे सांगते. मात्र पहिले कामही जेव्हा नोंद न ठेवता होते आणि विकताना मौन पाळले जाते, तेव्हा ते दुसऱ्याच्या वाटेला लागलेले असते.

या चळवळीतही शहाणपण आहे. त्याच सोसायटीत न बदललेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र सन्मान आहे. 'ब्लूमिंग्टन गोल्ड' मेळाव्यात अशा गाड्यांना 'सर्व्हायव्हर' म्हणून मान मिळतो. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली स्वीकारलेली तुरीनची सनद जतनाला जीर्णोद्धाराच्या आधीचे स्थान देते. तिच्यामागे वास्तूंसाठीची १९६४ची व्हेनिसची सनद आहे. तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबावा, हे तिचे सूत्र.

यावर आक्षेप येईल की मोटार ही पोथी नव्हे, ती चालवायची वस्तू आहे. कुजलेली नळी आणि उसवलेली तार जपत बसलो तर एखादे दिवशी गाडी पेट घेईल. आक्षेप रास्त आहे. नळ्या बदलाव्यात, तारा बदलाव्यात; काढलेले भाग चिठ्ठी लावून ठेवावेत. ज्या गाडीचा कप्पा आधीच कोणी क्रोमने मढवला आहे, तिथे कारखान्याची रूक्षता परत आणणे हे तर पुण्यकर्मच. पण जिथे त्या अनाम कामगाराच्या हाताचा रंग, मळलेला का होईना, अजून टिकून आहे, तिथे हात आखडावा. खोलण्याआधी छायाचित्रे घ्यावीत, काय बदलले ते लिहून ठेवावे, आणि ती वही गाडीसोबत पुढच्या मालकाकडे जावी. मोटारीला तळटीप नसते असे आम्ही वर म्हटले. ही वहीच तिची तळटीप. ती नसेल तर कितीही गुण मिळोत, समोर उभी आहे ती देखणी, पण निनावी नक्कल.